चीफसाहेबांची बॅटरी

माझ्या थोरल्या साडूंइतका यंत्रांवर जीव टाकणारा आणि एका यंत्रापायी चारचौघांत इतकी शोभा करून घेणारा माणूस मंडणगडपासून राजापूरपर्यंत शोधून सापडणार नाही. बत्तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर होते, निवृत्त झाले ते चीफ इंजिनिअर म्हणून. पावस गावात त्यांना सगळे चीफसाहेबच म्हणतात. घरी परतल्यावर आठवडाभरात त्यांनी घरातली झाडून सगळी यंत्रं ताब्यात घेतली. विहिरीच्या पंपावर ते असा हात ठेवतात, की त्याला ताप आहे की काय असं वाटावं. मिक्सर लागला की पडवीतून आवाज येतो, "अगो, भांडं नीट बसलेलं नाही, डावीकडे फिरव!" आणि ते खरोखरच बसलेलं नसतं. कुकरच्या शिट्ट्या, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, फ्रिजचा बर्फ, सगळ्याची नोंद एका निळ्या वहीत. शिवाय बोलणं अखंड. घरी आलेल्या पोस्टमनला त्यांनी एकदा डिझेल इंजिनाची सगळी कुळकथा उभ्या उभ्या ऐकवली होती. त्यानंतर तो बिचारा पत्रं फाटकातूनच टाकून पळू लागला. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती एकदा मला म्हणाली, "भावोजी, पूर्वी हे बोटीवर जायचे. आता बोटच घरी आणलीय, आणि खलाशी मी एकटी."

अशा माणसानं तीन वर्षांपूर्वी हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन आहे, विजेची मोटर आहे, मागच्या सीटखाली भलीमोठी बॅटरी आहे. पण ह्या सगळ्या लवाजम्याला झोपेतून उठवायला डिकीत एक साधी छोटी बॅटरी असते. ती उतरली, की टाकी भरलेली असो नाहीतर मोठी बॅटरी भरलेली असो, गाडी म्हणजे नुसतं कपाट. आणि ती दर पंधरा दिवसांनी उतरायची. पहिल्यांदा उतरली तेव्हा सकाळी सातला त्यांनी माझ्या घरी रत्नागिरीला फोन केला. फोन माझ्या बायकोनं घेतला. पलीकडून जड आवाजात एवढंच आलं, "मास्तरांना म्हणावं, ती गेली." बायकोनं हंबरडा फोडला. मी फोन घेतला तेव्हा कळलं, गेली होती ती गाडीची बॅटरी. तिला शांत करून, माझी पंधरा वर्षं जुनी छोटी गाडी आणि एका बॅटरीवरून दुसरीला वीज द्यायच्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या जोडवायरी घेऊन मी पावसला पोचलो. बघतो तर ताई घरापुढच्या खळ्यात धडधाकट उभी, आणि चीफसाहेबांचे फक्त पाय दिसतायत. डिकी विजेवर उघडणारी, वीज डिकीत! त्यामुळे अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ मागच्या सीटवरून सरपटत आत शिरला होता आणि आतूनही त्याचं व्याख्यान चालूच होतं.

पुढे हे नेहमीचंच झालं. माझी म्हातारी गाडी त्या नव्या गाडीला संजीवनी द्यायची आणि चीफसाहेब दर वेळी नवं कारण शोधायचे. कधी खारी हवा. कधी उंदीर. कधी गाडीची किल्ली घरातून गाडीशी गुपचूप बोलत राहते आणि तिला झोपू देत नाही, असं ठरलं. म्हणून किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवायचा हुकूम निघाला. डबा निघाला पोह्यांचा. किल्ली फोडणीत पडता पडता वाचली. शोरूमवाल्यांनी बॅटरी दोनदा बदलून दिली आणि हात जोडून सांगितलं, "साहेब, गाडीत काही दोष नाही हो." गावात तर चेष्टेला ऊत आला. नारळ पाडायला येणारा माणूससुद्धा माडावरून विचारायचा, "चीफसाहेब, बैल जोडूया काय गाडीला?" ज्या माणसाला कुणी इंजिनाबद्दल शंका विचारली तरी अपमान वाटायचा, तो माणूस खाली मान घालून हसायचा. मला ह्याचंच नवल वाटायचं.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट चेष्टेपलीकडे गेली. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोतीबिंदू फार पिकला होता आणि ते करणारे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच रत्नागिरीत यायचे. नऊची वेळ दिलेली. आठला फोन आला, "मास्तर, लौकर या." मी गाडी दामटली, दोघांना घेतलं आणि तसाच मागे फिरलो. वाटभर ताई बोलत होती. "बत्तीस वर्षं बोटी चालवल्या म्हणे! कुणी ढकलल्या त्या? दारातली एक गाडी धड चालू ठेवता येत नाही ह्यांना." मागे वळून पाहिलं तर चीफसाहेब खिडकीबाहेर आंब्याच्या कलमांकडे बघत होते. आम्ही कसेबसे वेळेत पोचलो. ताईला आत नेलं आणि बाहेरच्या बाकावर मी शेवटी चिडून म्हणालो, "भाऊ, आता ती गाडी विकून टाका. एवढे इंजिनिअर तुम्ही, तुम्हाला कारण सापडू नये?"

"कारण पहिल्याच महिन्यात सापडलं," ते म्हणाले.

मी बाकावर त्यांच्याकडे वळून बसलो.

"दुपारी मी आडवा झालो की ही गाडीत जाऊन बसते. काचा बंद करते, बटण दाबते, रेडिओ लावते. पाऊण तास, तास. कधी डोळा लागतो, मग बटण तसंच राहतं."

"अहो, मग ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायला शिकवा त्यांना! गाडी चालू राहील, बॅटरी भरेल. एवढंच तर आहे!"

"एवढंच आहे," ते म्हणाले. "पण मग तिला कळेल की मला माहीत आहे. ती बसायची नाही परत." ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे बघत ते म्हणाले, "बत्तीस वर्षं तिनं एकटीनं घर चालवलं मास्तर. स्वतःच्या पद्धतीनं. आता मी चोवीस तास घरात, आणि माझं तोंड हे असं. तिला कुठेतरी जायला नको?"

ऑपरेशन चांगलं झालं. पंधरवड्यानं मी दुपारचा सहज पावसला गेलो, तर पडवीच्या पायरीवर बसलेल्या चीफसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. माडाच्या विणलेल्या झापांच्या मांडवाखाली गाडी उभी होती. आत ताई काळा चष्मा लावून, मान मागे टाकून बसली होती आणि बंद काचांतून कुठल्यातरी जुन्या गाण्याचा अगदी पुसट आवाज येत होता. मी शेजारी बसलो. अर्धा तास गेला. ह्या माणसाशेजारी अर्धा तास शांततेत बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मग ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बोटीवर हिची पत्रं यायची. सगळं बरं आहे, काळजी नको. एकटं वाटतं असं एकदाही लिहिलं नाही तिनं." समोरच्या माडाची एक झावळी वाऱ्यानं हलली आणि थांबली. "मीही कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

गाडीचं दार वाजलं तसे ते चटकन उठून आत गेले, आणि ताई पायरीशी यायच्या आत खाटेवर डोळे मिटून पडले.