पेन म्हणजे काय

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि कौसल्याच्या पाठीतले दोन मणके मला दाखवले. एकमेकांत दबले होते. “पॉट्स स्पाइन,” त्या म्हणाल्या. मला कळलं नाही हे बघून त्यांच्या मोडक्या मराठीत सांगितलं, “मणक्याचा टीबी. क्षय फक्त छातीत होत नाही, हाडातपण होतो. सात-आठ महिने उताणं झोपून राहावं लागणार.”

कौसल्या, माझी बायको, बाहेर बाकड्यावर बसली होती. वर्षभर पाठ दुखते म्हणत होती. मी अंबडला शाळेत मास्तर. आम्ही घरीच शेकलं, लेप लावले. पाय जड पडायला लागले तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात आणलं. तो उशीर माझा. कुणाची पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर त्यांनी आमच्यासारखं थांबू नये.

तिला प्लास्टरच्या साच्यात निजवलं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. क्षयावरचं हे औषध तेव्हा नवंच होतं. मी लांब रजा काढली. व्हरांड्याच्या कडेला तीन दगडांवर भाकरी टाकायची, तिला भरवायची, अंग पुसायचं, भांडं द्यायचं. दुसऱ्या महिन्यापासून मी दिवस मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या. रोज सकाळी खाटेशी थांबून एकच शब्द विचारायच्या, “पेन?”

एकदा कौसल्या मला म्हणाली, “अहो, ह्या रोज पेन कशाला मागत्यात? माझ्यापाशी कुठलं पेन?”

कित्येक दिवसांनी मी हसलो. पेन म्हणजे दुखणं, असं सांगितलं. ती हसली नाही.

तिच्या मनात एक गोष्ट बसली होती. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं कौसल्यानंच केलं. एकदा थकून ती आईला म्हणाली होती, किती कण्हता, जरा गप ऱ्हावा. त्यानंतर आई तोंडात पदर धरायची. महिन्याभरानं आई गेली. आताचं दुखणं ही त्याचीच शिक्षा, असं कौसल्या म्हणायची. मी सांगायचो की टीबी जंतूंनी होतो, शिक्षा कोण कशाला देईल. तिला ते पटत नव्हतं.

चौथ्या महिन्यात उन्हाळा आला. प्लास्टरच्या आत तिचं अंग उबायचं, खाजायचं. एका दुपारी ती सारखी कण्हत होती. मला कित्येक दिवसांत धड झोप नव्हती. मी म्हणालो, “किती कण्हशील? बस कर आता.”

बोलून गेल्यावर कळलं काय बोललो. ती रडली नाही. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

मला तिथं थांबवेना. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टेबलावर इंग्रजीचा जाडा कोश असायचा. माझं शिक्षण उर्दूतलं. निजामाचं राज्य गेल्यावर मी इंग्रजी शिकून राह्यलो होतो, म्हणून त्या तो मला चाळू द्यायच्या. हात कशात तरी गुंतवावा म्हणून पेन शब्द काढला. अर्थाखाली बारीक अक्षरांत त्याचं मूळ दिलं होतं. लॅटिनमधला जुना शब्द, त्याचा अर्थ दंड, शिक्षा.

मी बाईंना विचारलं, हे बराबर आहे का. त्या म्हणाल्या, “हो. पीनल कोड, म्हणजे शिक्षेचा कायदा, त्यातला पीनल तोच. पण मास्तर, शब्द फार जुना आहे. तेव्हा जंतू कुणाला माहीत होते?”

दोन दिवस मी ही गोष्ट लपवली. कोशच तिच्या बाजूनं बोलतोय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “लई गप गप झालात. काय झालं?”

मग मी दोन्ही सांगितलं. त्या दुपारी चुकलो हे, आणि पेन शब्दाचं मूळ.

तिनं छताकडं बघितलं. मग म्हणाली, “म्हंजी तिकडं त्या लोकांतबी कुणी असंच पडून ऱ्हायलं असंल. माझं काय चुकलं म्हणून इचारलं असंल. त्याचं तरी काय चुकलं असंल हो? दुखत असंल नुसतं.” पुढं बोलली, “आत्याबाईलाबी दुखतच असंल. मी ऐकायला पाहिजे होतं.”

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

“आता मी कण्हते,” ती म्हणाली. “तुम्ही बसा इथं.”

मी बसलो. ती कण्हली, मोकळ्या आवाजात, बराच वेळ. मला थकवा होताच, पण पळावंसं वाटलं नाही.

शिक्षेचं बोलणं एकदम थांबलं नाही. मधूनमधून निघायचं, मग हळूहळू कमी झालं. आठव्या महिन्यात प्लास्टर काढलं. पाय काड्यांसारखे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि ती खिडकीपर्यंत चार पावलं चालली. त्या बाईंचे उपकार मी कोणत्या भाषेत मांडू?

कौसल्याला अजून पाण्याची घागर उचलता येत नाही. ती मी भरतो. थंडीत पाठ धरते, मग ती कण्हते. हातातलं काम ठेवून मी तिच्याजवळ जाऊन बसतो. औषध दिलेलं असतं, करण्यासारखं दुसरं काही नसतं. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, त्यांना मी एवढंच सांगेन, ते बसणं सोडू नका.