पाल्प्यात आम्ही बंद केलेली धार

नेपाळला जायला मी एका अटीवर तयार झाले. टाकी बसवायला येईन, साक्ष देणार नाही.

ज्यांना आमच्या मंडळीची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेवेच्या दौऱ्यावरून परत आलेल्या माणसाने पुढच्या रविवारी उपासनेत सगळ्यांपुढे उभं राहून देवाने तिथे काय केलं ते सांगायचं असतं. त्याला साक्ष म्हणतात. बोलताना आवाज भरून आला तर मंडळी 'आमेन' म्हणते. माझा आवाज भरून येत नाही. नांदेडला पाणीपुरवठा योजनांची आखणी करणाऱ्या एका लहान कार्यालयात मी इंजिनियर आहे आणि जे मोजता येतं तेवढंच बोलायची सवय आहे. लातूरच्या आमच्या पास्टरांनी ऐकून घेतलं. "ठीक आहे, एस्तेर. तू काम कर. बोलायला आम्ही आहोत."

काम असं होतं. पाल्पा जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर आठ घरांची एक वस्ती आणि तिथे एक लहानशी मंडळी. तिचे पुढारी हर्क आमच्या पास्टरांना हैदराबादच्या एका सभेत भेटले होते. वस्तीत पाण्याची एकच धार आहे, बायका रांग लावतात, असं त्यांनी सांगितलं. लातूरच्या माणसाला रांग म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. महिला मंडळाने वर्षभर चटण्या आणि शेवया विकून पैसे उभे केले. हजार लिटरची टाकी, चार नळ, आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद व्हावं म्हणून बॉल कॉक. आराखडा मीच काढला.

आम्ही पाच जण होतो. पास्टर, लातूरचे प्लंबर दानियलमामा, उदगीरच्या दोन नर्स आणि मी. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी नांदेडहून निघालो. दिल्लीची ही गाडी पुढे अमृतसरला जाते, त्यामुळे डब्यात निम्मे लोक गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारे असतात. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: फार डबे बांधू नका, पण रिकामी ताटली आणि पेला जरूर न्या. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन वरण, भाजी, पोळी वाढतात. कोण, कुठला विचारत नाहीत. शेजारच्या सरदारजींनी दानियलमामांना विचारलं, कुठे निघालात. "नेपाळला. पाणी द्यायला," मामा म्हणाले. सरदारजींनी त्यांच्या ताटलीत आणखी एक पोळी ठेवली.

सोमवारी दुपारी दिल्ली, संध्याकाळी गोरखपूरची गाडी. मंगळवारी सकाळी गोरखपूरहून बसने सोनौली, साधारण तीन तास. सीमा पायी ओलांडायची. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण म्हणून विसंबू नका. आपल्या शंभरांचे तिथले एकशे साठ होतात. पलीकडून बुटवल आणि बुटवलहून तानसेन, हा शेवटचा टप्पा वळणावळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट धरावी. पाट्या सगळ्या देवनागरीत. परदेशात आल्यासारखं वाटायला मला संध्याकाळ झाली, आणि तेही थंडीमुळे.

तानसेनला हर्क घ्यायला आले होते. सगळे त्यांना हर्कदाजू म्हणतात. दाजू म्हणजे दादा. त्यांनी पहिल्या चहालाच स्पष्ट केलं, "इथे धर्मांतराचा कायदा कडक आहे. गाणी म्हणा, काम करा. पत्रकं वाटू नका." पास्टर म्हणाले, "पत्रकं आणलीच नाहीत. पाईप आणलेत." पाईप खरं तर तानसेनलाच विकत घेतले. टाकीसुद्धा तिथलीच. लातूरहून आम्ही फक्त पितळी नळ आणि बॉल कॉक नेले होते, मामांचा तिथल्या मालावर विश्वास नव्हता.

बुधवारी जीपने दोन तास आणि पुढे चाळीस मिनिटं पायी. टाकी चार पोरांनी डोक्यावर उलटी धरून आणली.

मग धार पाहिली. दगडी कट्टा, त्यातून बाहेर आलेला काळा पाईप आणि त्यातून सतत पडणारं पाणी. नळ नाही, तोटी नाही. त्या वेळी रांगही नव्हती, कट्ट्यावर एक कुत्रं झोपलं होतं.

"पाणी असं वाहून राहिलं," मामा म्हणाले, "अन् बघायला कुणी न्हाई. मला बघवत न्हाई बा."

त्यांनी पुढे होऊन हाताचा तळवा पाईपच्या तोंडावर धरला. पाणी बोटांमधून उडालं तसे हसले आणि हात काढला.

मी बादली मागवली. दहा लिटरची बादली पंचावन्न सेकंदांत भरली. तीनदा मोजलं, तीनदा तेच. म्हणजे मिनिटाला जवळपास अकरा लिटर, दिवसाला पंधरा हजार सातशे. आठ घरांना फार तर दीड हजार लागत असेल. उरलेलं कट्ट्याच्या मागच्या दगडी चरातून खाली झाडीत जात होतं. आराखड्यात त्या चराला बाण काढून मी लिहिलं: वाया जाणारं पाणी, चौदा हजार लिटर रोज.

वर, धारेचं पाणी जिथून येतं त्या झऱ्यापर्यंत चढून उंची मोजली. त्रेचाळीस मीटर. बॉल कॉक बंद झाला की पाईपवर सव्वाचार किलोच्या आसपास दाब येणार. पाईप सहा किलो दाब सोसणारा. झऱ्याच्या कुंडाला ओढ्याच्या बाजूने सांडवा होता, म्हणजे थांबलेलं पाणी तिकडून निघून जाईल. सगळं बसत होतं. हे सगळं मी वहीत दोनदा तपासलं, कारण दाब न मोजता नळ बसवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांच्यातलं व्हायचं नव्हतं.

गुरुवार, शुक्रवार काम. मामा आणि हर्कदाजूंची भाषा एक नव्हती, पण पान्हा मागायला भाषा लागत नाही. जेवण दोन्ही वेळा भात, डाळ, मोहरीसारख्या पानांची भाजी आणि मुळ्याचं लोणचं. भाजीला तिथे रायो म्हणतात. मी तीनदा घेतली. विचारलं तर हर्कदाजू म्हणाले, खालच्या मनमाया दिदीकडची. शुक्रवारी संध्याकाळी टाकी भरली, बॉल कॉक वर आला आणि पाण्याचा आवाज थांबला. वस्ती एकदम शांत झाली. मामांनी टोपी काढली.

नेपाळात सुट्टी शनिवारची, त्यामुळे उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, बसायला चटया. त्यांची गाणी आम्हाला निम्मी कळली, आमची त्यांना. नंतर फीत कापली. टाकीवर मराठीत आणि नेपाळीत पाटी होती: लातूरच्या मंडळीकडून प्रेमाची भेट. पास्टरांनी फोटो लगेच लातूरला पाठवले. आईचा फोन आला. "तिथं आता रोज नळ येणार का?" म्हटलं, येणार. "मग तिथंच रहा," आई म्हणाली.

रविवार-सोमवार नर्स वस्तीतल्या लोकांची तपासणी करणार होत्या, मला काम नव्हतं. सोमवारी सकाळी मी खालच्या पायऱ्यांनी उतरायला लागले, दरीचा फोटो हवा होता. पायऱ्या एकशे ब्याऐंशी. निम्म्यात एक बाई पाठीवरच्या रिकाम्या तांब्याच्या घागरीची दोरी कपाळाला अडकवून वर येत होत्या. थांबल्या, हसल्या, आधी माझी विचारपूस केली. थंडी वाजत नाही ना, भात आवडतो ना. हिंदी चांगलं होतं. नवरा बारा वर्षं पुण्यात वॉचमन होता, आता हयात नाही, मुलगा कतारला. त्याच मनमाया दिदी.

"पाणी वरून नेता?" मी विचारलं.

"हो. टाकीचं. फार छान नळ आहेत."

"आधी कुठून घ्यायचात?"

त्या नुसत्या हसल्या. "लांब नाही, बहिनी. आता दिवसातून चाळीस-पन्नास वेळा चढायचं, एवढंच." आणि मला घरी चहाला यायला सांगून वर गेल्या.

मी खाली गेले. त्यांच्या अंगणाला लागून दगडी हौद होता, त्यात एक म्हैस तोंड घालून कोरडा तळ चाटत होती. हौदाच्या वर तो चर येऊन संपत होता. माझ्या आराखड्यातला. शेवाळ अजून हिरवं होतं, पाणी नव्हतं. हौदाच्या पुढे रायोचे वाफे होते, दहा-बारा. वरच्या तीन वाफ्यांना घागरीने पाणी घातलेलं दिसत होतं. खालच्यांची पानं जमिनीला टेकली होती.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. अडीच दिवस. ती बाई शनिवारी उपासनेत दुसऱ्या चटईवर होती, फीत कापताना तिने टाळ्या वाजवल्या होत्या आणि दुपारी आमच्या पानात तिचीच भाजी होती.

वर येऊन हर्कदाजूंना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तुम्ही चार दिवस प्रवास करून आलात. पाहुण्याने दिलेल्या वस्तूला नाव ठेवत नाहीत. तुम्ही गेल्यावर काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतं?"

"बॉल कॉक मोडला असता," ते म्हणाले. "आपोआप मोडला म्हणून कळवलं असतं."

पास्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. लातूरला फोटो गेलेले होते. पण नमूद करायला हवं, त्यांनी एकदाही 'राहू दे' म्हटलं नाही. मंगळवारी सकाळी विजारीचे पाय वर दुमडून त्यांनीच चरातली माती काढली. बॉल कॉक काढला, टाकीच्या गळ्याशी भोक पाडून उरलेला एक इंची पाईप बसवला आणि त्याचं तोंड जुन्या चरात सोडलं. नळ चालू राहिले, वरचं पाणी खाली जाऊ लागलं. चाळीस मिनिटांचं काम. आराखड्यात ते पहिल्या दिवशीच घालता आलं असतं. त्यासाठी एकशे ब्याऐंशी पायऱ्या उतरून बाण कुठे जातो ते बघायला हवं होतं.

"लातुरात बोलू नका कुणी," मामा पान्हा पुसत म्हणाले. "दानियलनं बॉल कॉक काढून टाकी वाहती सोडली म्हणून कळलं तर धंदा बसंल माझा."

मनमाया दिदींनी निघताना आम्हाला रायोची एक जुडी बांधून दिली. मी माफी मागितली. "कशाची?" त्या म्हणाल्या.

परतीचा प्रवास त्याच मार्गाने. गोरखपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत पास्टर माझ्या समोरच्या सीटवर येऊन बसले. "साक्षीत हे घेऊ नये असं मला वाटतं," ते म्हणाले. "बायकांनी वर्षभर शेवया वळल्यात. लोक खचतात. पुढच्या वर्षी कोण देईल?"

"तुमच्या साक्षीत घेऊ नका," मी म्हटलं. "मला पाच मिनिटं द्या."

"तू तर बोलणार नव्हतीस."

"हो."

पास्टर उठून आपल्या सीटकडे जायला निघाले. मग म्हणाले, "दहा घे."

रविवारी लातूरला पडद्यावर फीत कापल्याचा फोटो होता. मी वही घेऊन उभी राहिले आणि आकडे वाचले. पंचावन्न सेकंद, पंधरा हजार सातशे लिटर, त्रेचाळीस मीटर, एकशे ब्याऐंशी पायऱ्या, अडीच दिवस. पडद्यावर दुसरा फोटो लावला, कोरड्या हौदाचा. कुणी आमेन म्हटलं नाही. मी बसणार एवढ्यात महिला मंडळाच्या मार्थाकाकू पहिल्या बाकावरून बोलल्या. सगळ्यात जास्त शेवया त्यांच्या होत्या.

"म्हंजी आपण तिचं पाणी तोडलं?"

"हो, काकू. माझ्या आराखड्याने."

"अन् ती काईच बोलली न्हाई?"

"टाळ्या वाजवल्या तिने."

मागे कुणीतरी खोकलं. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता पुरून राहिलं का तिला?"

हा प्रश्न येईल म्हणून मी आदल्या दिवशी हर्कदाजूंना फोन करून हौदाशी बादली लावायला सांगितलं होतं. "बादली भरायला ऐंशी सेकंद लागतात," मी म्हटलं. "मिनिटाला साडेसात लिटर."

"ते न्हाई इचारलं. पुरतं का?"

मी वहीत पाहिलं. टाकीआधी त्या हौदात किती पाणी पडायचं, हा आकडा वहीत नव्हता. मी तो घेतलाच नव्हता, आणि आता तो कधीच मिळणार नाही.

"ती हो म्हणते," मी म्हटलं.

"ती तर हो म्हणणारच की," मार्थाकाकू म्हणाल्या.

झरा चैत्र-वैशाखात बारीक होतो असं हर्कदाजू सांगतात. त्या दिवसांत मी आठ दिवसांची रजा टाकली आहे. काकूही येणार आहेत. त्यांनी फक्त पायऱ्या किती ते पुन्हा विचारून घेतलं.