तोंड समोर ठेवा, गुरुजी

भागीरथीबाई श्रीरामपूरला मुक्याबहिऱ्या पोरांना शिकवायच्या. धाकटा भाऊ बहिरा, त्याला कुठल्या शाळेने घेतलं नाही, म्हणून पुण्याला जाऊन हे ट्रेनिंग घेतलेलं. अंगाने काटकुळ्या, बोलायला फटकळ. बाहत्तर साली त्यांनी हट्टाने साळूला आमच्या गावात माझ्या चौथीच्या वर्गात बसवलं. पोरगी ठार बहिरी, पण ओठ बघून सगळं ओळखायची. तिचा बाप भिमाजी मात्र बजावून बसला होता, "पास झाली तर शिकवतो, न्हाईतर खडी फोडाया नेतो."

महिन्यातून दोनदा बाई रजा टाकून एसटीने यायच्या, वर्गात मागे बसायच्या आणि सुटीत माझी खरडपट्टी काढायच्या. "फळ्याकडे तोंड करून काय बोलता? भिंतीला शिकवायचंय का? तोंड समोर ठेवा, गुरुजी." माझी वीस वर्षं नोकरी झालेली, अन् ही कालची बाई मला शिकवणार! डोकंच फिरायचं. ओठ दिसत नाहीत म्हणून मिशासुद्धा काढायला लावल्या. बायको दोन दिवस हसत होती. पण खोटं कशाला बोलू, पोरगी भराभर लिहायला लागली.

शुद्धलेखन सांगताना मी रांगांमधून फिरायचो. आम्ही सगळेच फिरायचो, त्याशिवाय मास्तर असल्यासारखं वाटत नसे. बाईंनी तीही खोड मोडून मला फळ्यापाशी उभं केलं.

वार्षिक परीक्षेला तपासणीचे साहेब आले. मी फळ्यापाशी उभा राहून शुद्धलेखनाचा पेपर सांगत होतो. खुर्चीतून म्हणाले, "काय गुरुजी, पाय दुखतात का?" मला लाज वाटली. फिरायला लागलो. मी मागे गेलो तशी साळू मान वळवून माझं तोंड शोधू लागली. साहेब उठले. "मागच्याचं बघतेस?" म्हणत त्यांनी तिचा पेपर ओढून घेतला. ती माझ्याकडेच बघत होती. मी काहीतरी बोलेन असं वाटलं असेल तिला. मी पुढचं वाक्य सांगितलं. इतका नेभळट निघालो.

साळू नापास झाली. भिमाजीने तिला दुष्काळी कामावर नेलं.

बाई आल्या तेव्हा मी साहेबांना शिव्या घालत सगळं सांगितलं, माझं तेवढं गाळून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती मागे वळली, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

मी खाली बघितलं. त्या उठल्या, एसटीला गेल्या, परत आमच्या शाळेत आल्या नाहीत.

मिशा मी पुन्हा वाढवल्या.