जांभळ्या रेषांमधली वाडी

शी! अजूनही नागावच्या त्या पाटाचं नाव काढलं की मला शिसारी येते.

शर्यत होती नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायची. नकाशात दाखवलेले झेंडे क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्याशी बोटातली चिप टेकवायची आणि पुढे सुटायचं. लेक कॉलेजात गेल्यापासून या खुळात पडलेली. पहिल्या तीन जोड्यांतली मुलं राज्याच्या शिबिराला जाणार होती आणि लेक वर्षभर त्याच्यासाठीच पळत होती. ऐन वेळी तिची जोडीदारीण तापाने आडवी झाली. "आई, तू ये. नुसती सोबत पळ," लेक म्हणाली. नुसती सोबत! अगं, नागाव माझं माहेर. तिथे मी कुणाच्या मागून पळणार?

सुरुवातीलाच माझं डोकं फिरलं. मुंबईहून आलेली मंडळी भडक, अंगाला चिकटलेले कपडे घालून उड्या मारत होती आणि निळंशार सरबत पीत होती. ते सरबत बघूनच मला मळमळलं. पळायला आलात की वरातीला?

पहिले झेंडे लेकीने शोधले. पुढचा झेंडा वाड्यांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला होता. "रस्त्याने वळसा घालू," ती होकायंत्र बघत म्हणाली. मी म्हटलं, "ठेव तो डबा खिशात. मला माझं गाव शिकवतेस?" आमच्याकडे नारळाच्या वाडीतून जायला कुणी परवानगी मागत नाही. "येते गो!" अशी हाळी द्यायची आणि मागल्या दाराने पलीकडे निघायचं. लहानपणी मी आख्खं गाव असंच पालथं घातलंय. चुलत्यांच्या वाडीच्या कुंपणाचं बेडं ढकलून सरळ गेलं की खाडी.

बेड्यापाशी लेक थांबली. नकाशावर बोट ठेवून काहीतरी सांगायला लागली. मी तोवर आत शिरलेही होते. ती मुकाट मागे आली.

आत नारळ कमी आणि गुळगुळीत हिरवळच जास्त. मधोमध नवा बंगला आणि पोहायचा तलाव, काठाला चड्ड्यांवर लोळणारे पाहुणे, सकाळीच बाटल्या उघडलेल्या. मी सवयीने हाळी दिली, तर एकाने कुत्र्याला हाकलावं तसा हात केला. मला! मागची वाट होती तिथे उंच भिंत उभी. भिंतीखालून पाट जात होता तेवढीच फट. "चल," मी म्हटलं.

उतरले आणि मेले. ज्या पाटाचं पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो, त्यात बंगल्याच्या संडासाचं पाणी सोडलेलं. घोट्याच्या वर काळा चिखल, त्यात वापरलेले डायपर, कोंबडीची पिसं, एक फुगलेला उंदीर. नाक धरावं तर हातही बरबटलेले. मला ओकारी आली, लेकीलाही आली. बाहेर पडून दिसला त्या झेंड्यावर मी झडप घातली, तर तो दुसऱ्याच गटाचा. "आपला अजून उत्तरेला आहे," ती तोंड पुसत म्हणाली. चुलत्यांना मी मनात यथेच्छ शिव्या घातल्या. वाडी विकली ती विकली, एका शब्दाने कळवलंही नाही!

तरीही आम्ही दुसऱ्या आलो. घाण अंगावर घेऊन मी खुशाल मिरवत होते. तेवढ्यात परीक्षकबाई नकाशा घेऊन आल्या. त्यांच्या माणसाने आम्हाला भिंतीखालून निघताना बघितलं होतं. त्या वाडीवर नकाशात तिरप्या जांभळ्या रेषा होत्या. म्हणजे प्रवेश बंद, शिरलं की जोडी बाद.

"बाद? अहो, माझ्या माहेरची वाट आहे ती!" मी पदर खोचून भांडायला उभी राहिले.

"आई, पुरे," लेक म्हणाली. "मी बेड्यापाशीच बघितल्या होत्या त्या रेषा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू पुढे गेली होतीस."

"मग यायचं नव्हतंस माझ्या मागे! एवढं शिबिर हवं होतं तर हात धरून थांबवायचं मला!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आवाजही चढवला नाही.

"घरी तरी कधी थांबवता आलंय का तुला?"

परीक्षकबाई फळ्यावरची आमची जोडी पुसत होत्या आणि लेक बाजूच्या नळावर हातपाय घासत होती. पाटात नाही आली एवढी किळस मला तेव्हा माझी आली. पुढच्या आठवड्यात शिबिराची गाडी अलिबागहून तिच्याशिवाय सुटली.