तीन हाकांचा नियम

"जी, हम हैं. आप हैं ना?"

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या ऑफिसातले काका शेजारच्या इंटरनेट कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावत, एवढंच विचारत आणि ठेवून देत.

गुडगावातल्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत ते सीमेवरचा राऊटर सांभाळत. आमचं जाळं संपून बाहेरचं जग सुरू व्हायचं ते त्या पेटीपाशी. तिला ते 'नाका' म्हणत. बाहेर काचेच्या इमारती उगवत होत्या आणि हे सांगलीचे गृहस्थ नाक्यावरची धूळ स्वतःच्या धुतलेल्या रुमालाने पुसत. डबाही तिथेच उघडत.

राऊटर आपसात बोलतातच की, मग फोन कशाला, असं मी एकदा विचारलं. मी नवा होतो. तेव्हा त्यांनी नियम शिकवला. दोन्हीकडचे राऊटर दर मिनिटाला एकमेकांना 'मी आहे' म्हणून कळवतात. लागोपाठ तीन हाका चुकल्या, की शेजारी गेला असं धरायचं आणि त्याच्याकडे जाणारे सगळे रस्ते पुसून टाकायचे.

"त्यात राग नसतो रे," ते म्हणाले. "वाट तरी किती बघायची?"

पुढे मोठ्या कंपनीने आम्हाला गिळलं. नाका बंद करायचं कामही त्यांनाच सांगितलं. त्यांनी शेजाऱ्याला फोन लावला, "जी, अब हम नहीं हैं" म्हणाले आणि बटण दाबलं. मला नव्या कंपनीने ठेवून घेतलं. पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवतो?

दुसऱ्या दिवसापासून दहाचा फोन मला येऊ लागला. फरीदाबादच्या खोलीत ते एकटेच राहत.

"मी आहे. तू आहेस ना?"

"आहे, काका."

संपलं. आधी बरं वाटायचं. मग दहाला मीटिंगा सुरू झाल्या आणि मला त्या फोनची लाज वाटू लागली. एका सोमवारी मी तो कापला. मंगळवारीही कापला. बुधवारी तो खिशात थरथरत राहिला आणि मी साहेबांपुढे मान डोलावत राहिलो.

गुरुवारी फोन आला नाही. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. शुक्रवारी मीच लावला, तर नंबर बंद.

रविवारी फरीदाबाद गाठलं. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, सामान घेऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही.

"मैंने पूछा था, कोई आए तो क्या बोलूँ. बोले, अब कोई नहीं है."

गॅलरीतल्या दोरीवर त्यांचा एक धुतलेला रुमाल राहिला होता. तो मागायचं धाडस मला झालं नाही.