धोतऱ्याचा खटला आणि नवा वकील

तो खटला मी आजही विसरलेलो नाही. अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे विलायतेला आपल्या कापसाची गरज पडली, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याच्या वाटेवर पहाटेपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागे. त्या वाटेवरच्या एका ठाण्याचा मी अंमलदार होतो.

एका दुपारी दोन गाडीवान लिंबाखाली बेशुद्ध सापडले. त्यांतल्या एकाची भरलेली गाडी बैलांसकट नाहीशी झाली होती. वैद्याने डोळे पाहून धोतऱ्याच्या विषाची बाधा सांगितली. दुसऱ्या दिवशी एक वाटसरू आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, "त्या माळणीनं भाजीत काहीतरी टाकलं. मी पायलं साहेब."

माळीण म्हणजे वाटेवर गाडीवानांना भाजी-भाकर विकणारी एक विधवा. तिच्या मळ्याच्या बांधावर धोतऱ्याची झाडं मिळाली. पंचनामा करून मी तिला कोठडीत घातलं आणि दोन दिवस विचारपूस केली.

"गाडी कोणाला दिलीस?"

"मले काय मालूम साहेब? तीच भाजी मी खाल्ली, माह्या पोरीनं खाल्ली."

आरोपी असंच बोलतात, असं समजून मी ते रोजनाम्यात लिहिलंच नाही.

तिचा दीर अकोल्यात वकील शोधत फिरला. जुन्या वकिलांनी नाही म्हटलं. शेवटी एका तरुणाने वकीलपत्र घेतलं. तो अमरावतीकडच्या शेतकरी घरातला, मुंबईला कायद्याच्या वर्गात शिकून नुकताच परतलेला. व्यापाऱ्यांच्या सौद्यांचे दावे चालवावेत म्हणून वडिलांनी त्याला अकोल्यात बसवलं होतं. फौजदारी काम त्याने कधी केलं नव्हतं.

तो तिला भेटायला आला तेव्हा मी म्हणालो, "वकीलसाहेब, बाई काळ्या पाण्यावर जाणार. पहिल्याच खटल्यात नाव कशाला खराब करता?"

"मलेही भेव वाटते साहेब," तो म्हणाला. "पण तिचं कोणीतरी आयकलं पायजे."

कोठडीच्या गजांपाशी जमिनीवर बसून तो दोन तास तिचं ऐकत राहिला.

कचेरीत त्याने माझी उलटतपासणी घेतली. त्याचे प्रश्न सरळ होते.

"त्या दिवशी तिची भाजी आणखी किती जणांनी खाल्ली?"

"विचारलं नाही."

"गाडीवानांनी भाजीशिवाय काय खाल्लं?"

"विचारलं नाही."

"तुमच्या ठाण्यामागं धोतरा उगवतो का?"

मी म्हणालो, "उगवतो."

खटला चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला फेरतपासाचा हुकूम दिला. दोन्ही गाडीवान आता बरे झाले होते. त्यांतला एक म्हणाला, "भाजी खाल्ल्यावर एक जण आमच्यापाशी बसला. देवाचा परसाद म्हणून त्यानं गूळ-फुटाणे देल्ले." त्याने सांगितलेलं वर्णन खबर आणणाऱ्या त्या वाटसरूचंच होतं. बार्शीटाकळीजवळ त्याच्या गोठ्यात चोरीचे बैल मिळाले आणि घरात धोतऱ्याच्या बिया. त्याने गुन्हा कबूल केला. माळीण सुटली.

महिन्याने तो वकील ठाण्यावर आला. म्हणाला, "कोर्टानं तिले सोडलं, गाडीवाल्यायनं नाई सोडलं. तिच्यापाशी कोणी थांबत नाई."

"मग मी काय करू?"

"ते तुमीच ठरवा. आळ तुमीच घातला तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी वर्दीत तिच्या भाजी-भाकरीच्या जागी गेलो, गाडीवानांनी बैल सोडले होते त्यांच्यासमोरच मांडी घालून बसलो आणि भाकर मागितली. तिने ताट पुसून पुढे ठेवलं.

"वांग्याची भाजी हाय. चालते?"

"चालते."

सगळं ताट मी संपवलं. गाडीवान लांबून पाहत होते. मी हात धूत असताना त्यांतला एक उठून तिच्याकडे आला. मग दुसरा.

त्या वकिलाने पुढे सौद्यांचे दावे सोडले आणि फौजदारीच धरली. कित्येक वर्षं तो कोर्टात माझ्यासमोर उभा राहिला. त्याने सोडवलेल्यांपैकी काही जण गुन्हेगार होते, असं मला आजही वाटतं. पण त्या खटल्यानंतर आरोपी जे बोलेल ते मी आधी लिहून घेऊ लागलो, आणि खबर आणणारा तिथे काय करत होता हे विचारू लागलो.

त्या बाईची माफी मात्र मी तोंडाने कधी मागितली नाही. ते राहूनच गेलं.