बिनधारेच्या तलवारी

आखाडा बाळापूरच्या बाजारात सुमनबाईचं लग्नाच्या सामानाचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ते चालवलं. फेटे, मुंडावळ्या आणि नवरदेवाला भाड्यानं द्यायच्या तलवारी. त्यांना धार कसली? काकडीसुद्धा चिरली नसती. पण घोड्यावरच्या पोराच्या हातात तलवार पाहिजेच, हे गावोगाव ठरून गेलेलं.

यंदा ऐन लगीनसराईत शेजारच्या तालुक्यात दोन मिरवणुका भिडल्या, दगडफेक झाली. मागोमाग हुकूम निघाला, की ठाण्याच्या परवानगीबिगर कुणी कुणाला तलवार द्यायची नाही, लग्नालासुद्धा. हवालदार अमृतराव तिच्या तलवारी जमा करायला गाडी घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, वरून आलंय. सुमनबाईनं वाद घातला नाही. पोतं बांधायला उलट तिनंच हात लावला.

मग रामकिशन आला. त्याच्या पोराचं, बालाजीचं लग्न तोंडावर होतं. तो आणि सुमनबाई परवानगीसाठी ठाण्यात गेले, तर साहेब बंदोबस्तावर. उद्या या. दुसऱ्या दिवशी तहसीलचा कागद मागितला. बाकावर बसून सुमनबाईचे पाय सुजले. अमृतरावही कित्येक दिवस घरी गेला नव्हता. त्यानं चहा मागवला, आणि तिघंही बाकावर बसून तो प्याले.

लग्नाचा दिवस उजाडला, परवानगी आलीच नाही. वरात मारुतीपाशी खोळंबली. सुमनबाईही वरातीत होती.

"मावशी, रिकाम्या हातानं पोरगं कसं न्यावं?" रामकिशन रडकुंडीला आला होता.

सुमनबाईनं चंचीतला अडकित्ता काढला, त्याला लिंबू खोचलं आणि बालाजीच्या हातात दिला.

"धर. आमच्या मालकानं हाच धरला होता. संसार काय अडला न्हाई आमचा."

दोस्त हसले. बालाजी लाजला, पण त्यानं तो घट्ट धरला. लग्न लागलं.

पुढं लोक फेटे तेवढे नेऊ लागले. दिवाळीच्या सुमारास हुकूम उठला. सुमनबाई ठाण्यात गेली. पात्यांवर गंज, म्यानांच्या मखमलीला बुरशी. घासा, तेल लावा, टांगा, आणि पुन्हा कुठं दगड पडला की पुन्हा पोत्यात भरा.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "आमच्यानं आता न्हाई व्हत."

तसं ठेवता येत नाही, असं अमृतरावनं सांगितलं. त्याचाही आवाज थकलेला होता. तिनं सही केली, पोतं ऑटोत घातलं आणि दुकानातल्या फळीखाली ढकललं. त्याची गाठ सोडायचं मात्र तिच्या जिवावर आलं.

फेट्यासाठी गिऱ्हाईक उभंच होतं. तिनं पाय पसरले आणि फेट्याची घडी उलगडली.